निम्म्यात मिटवलेलं कर्ज

आमच्या नातेवाइकांत मी घासाघीस करण्यात पटाईत म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे ती प्रसिद्धी मीच केली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका क्रेडिट कार्डाचे अठरा हजार माझ्या अंगावर आले होते. वसुलीचा माणूस मुलुंडला घरी आला, तेव्हा त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवून मी ते सात हजारांत मिटवले. हा किस्सा मी नंतर प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला सांगत आलो. अकरा हजार वाचवले म्हणून.

यंदा मुलीला बंगळुरूला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर सहअर्जदार म्हणून मी माझं नाव घातलं. घरात कोणी विचारलंही नाही; अशा ठिकाणी बापाचंच नाव जातं. फी भरायला दहा दिवस होते.

बँकेतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर जुनी थकबाकी आहे. चौसष्ट हजार."

"शक्यच नाही. कोणाची?"

त्यांनी ज्या कंपनीचं नाव वाचलं, ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. कमीत मिटवलेलं कर्जही रिपोर्टवर डाग म्हणूनच राहतं, हे त्यांनी मला आणि शेजारी बसलेल्या मुलीला समजावलं.

घरी येऊन फोन सुरू केले. कार्डवाली बँक म्हणाली, ते कर्ज आम्ही केव्हाच विकलं. ज्यांनी घेतलं ते म्हणाले, आम्हीही पुढे विकलं. मी वाचवलेले अकरा हजार माझ्यामागे व्याज खाऊन गुटगुटीत होत होते. माझी जुनी स्कूटर मला तीन वर्षं विकता आली नाही, आणि या लोकांनी माझं कर्ज दोनदा विकलं! प्रत्येक फोनला आधी पाच मिनिटं संगीत, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग कट.

तिसऱ्या कंपनीतला माणूस मात्र लगेच बोलला. "तेव्हाचं सेटलमेंटचं पत्र आहे का, सर?"

होतं. एका दिवाळीच्या साफसफाईत 'ती भानगड मिटली' म्हणत मीच ते रद्दीत घातलं. विजेची वीस वर्षांची बिलं मात्र माळ्यावर नीट बांधून ठेवलेली आहेत.

"नसेल तर असं करू," तो म्हणाला. "तुमच्यासाठी तीस हजारांत मिटवू. पण आजच्या आज."

खोटं कशाला बोलू, चौसष्टचे तीस ऐकून माझ्या अंगात आलं.

"पंचवीस करा," मी म्हणालो.

मुलीने फोन हातातून काढून घेऊन बंद केला. "बाबा, परत तेच? कमीत मिटवलं की रिपोर्टवर तसंच लिहिलेलं राहतं. बँकेतल्या मॅडमनी सांगितलं ना तुम्हाला!"

"अगं, पण निम्म्याहून कमी..."

"माझी फी शुक्रवारी आहे, बाबा. तुमची घासाघीस नको मला."

मग मी रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेकडे रीतसर तक्रार केली. उत्तराला महिनाभर लागेल असं कळलं. शुक्रवारला चार दिवस राहिले होते. मी डोकं धरून बसलो, तशी भाजी निवडत बसलेली बायको म्हणाली, "अहो, माझा पगार चालत नाही का तुमच्या बँकेला?"

ती बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. हे आम्हा दोघांनाही, म्हणजे मला आणि मुलीला, सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंनी तिचा रिपोर्ट उघडला आणि कौतुकाने मान हलवली. एक डाग नाही. मी सवयीने खिशातलं पेन काढलं.

"सर, तुमची सही नकोय," बाई म्हणाल्या.

पेन बायकोने घेतलं. चौदा ठिकाणी सह्या केल्या. मी तिची पर्स धरून उभा.

शुक्रवारी फी भरली गेली. महिन्याने माझ्या तक्रारीला उत्तर आलं : सदर कर्ज आता चौथ्या कंपनीकडे गेलं आहे, कृपया त्यांच्याशी संपर्क साधावा.