पन्नाशीची नायिका

मी प्रेमकथा लिहिते. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "आणि बाकी काय लिहिता?" बाकी काही लिहीत नाही. प्रेमकथाच लिहिते.

२०१४ पर्यंत मी पुण्याच्या एका प्रकाशकासाठी लिहायचे. त्यांचा साचा ठरलेला होता. बावीस वर्षांची नायिका, थंड हवेच्या ठिकाणचा बंगला, गाडी चालवत आलेला नायक, एक गैरसमज आणि शेवटी मिठी. मी थंड हवेचं एकही ठिकाण पाहिलेलं नव्हतं. घर डहाणूला, नोकरी तलासरी तालुक्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून. उधव्याच्या नाक्यावर जीप भरेपर्यंत घामाने भिजत बसायचं आणि कागदावर धुकं उतरवायचं, हे मला जमून गेलं होतं. पुस्तकं खपत होती. मला मात्र लिहिताना कंटाळा यायला लागला होता, आणि कंटाळून लिहिलेलं प्रेम मलाच वाचावंसं वाटत नव्हतं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात उधव्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर गेले होते. तिथल्या अंगणवाडीची मदतनीस मुलांसाठी खिचडी करत होती. पन्नाशीची, काटक बाई. तिकडे सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, तशी मलाही म्हणायची. पातेल्यात पळी फिरवता फिरवता म्हणाली, "मॅडम, परवापासून मी भावाकडे राहते. काही निरोप असला तर तिकडे दे."

"का गं? भांडण झालं?"

"नाय. लगीन आहे ना माझं. नवरीने माहेरी नको राहायला?"

मी बघतच राहिले. तिला दोन नातवंडं होती, लेकीची. तिच्या माणसालाही मी चांगली ओळखत होते. तिने समजावलं तेव्हा लक्षात आलं. त्यांच्या आदिवासी समाजात बऱ्याच घरांत जोडपं आधी संसार थाटतं. लग्नाचे विधी आणि गावजेवण सवडीने होतं. तिचं राहूनच गेलं होतं. आता धाकट्या मुलाचं लग्न ठरलं, आणि मुलाचं लागायचं तर आईबापाचं आधी लागायला हवं. एकाच मांडवात दोन्ही उरकून घ्या, असं सगळ्यांचं मत पडलं.

"उरकून घ्या म्हणे," ती म्हणाली. "मी म्हटलं, उरकायचं नाय. मला कोणी मागणी कुठे घातली? घरात आले तेव्हा नुसती आले. आता लगीन करायचं तर त्याने मला मागायला यायचं."

ती खरोखरच भावाकडे जाऊन बसली. पुढच्या फेरीत मी मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आला का?" मी विचारलं.

"आला. ओट्यावर बसला. भावाने विचारलं, काय काम काढलंस? तर म्हणाला, तुझी बहीण मागायला आलोय. भाऊ पोट धरून हसला. मी आतून ऐकत होते."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, विचार करून सांगते."

"अगं!"

"मग? विचारलंय तर विचार नको करायला?" तिने सूप बाजूला ठेवलं. "रोज सांजच्याला येतो. बसतो, पाणी पितो, जातो. काल पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आला. इतक्या वर्षांत त्याने मला कधी करवंदं नव्हती आणली."

"पण तू हो म्हणणार हे तर ठरलेलंच आहे ना?"

"मला ठाऊक आहे. त्याला नाय. तेच तर बघायचं होतं."

जीपमध्ये बसल्यावर मी तिची वाक्यं वहीत उतरवून घेतली. माझ्या सगळ्या नायिकांनी मिळून जे केलं नव्हतं ते या बाईने भावाच्या ओट्यावर बसून केलं होतं. तिने त्याला वाट बघायला लावली होती.

लग्नाला मी गेले. बाप आणि मुलगा एकाच मांडवात हळद लावून बसले होते. मुलगा मित्रांबरोबर फोटो काढून घेण्यात दंग होता. बापाची नजर मात्र मांडवाच्या दारावरून हलत नव्हती. ती आली तेव्हा तो उठून उभा राहिला. कुणीतरी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि मांडवभर हशा पिकला. तोही लाजून हसला. साठीला टेकलेल्या माणसाला असं लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

नंतर मी तिला विचारलं, "तुझी गोष्ट लिहू का?"

"लिही. पण मला रडवू नको. गोष्टीतल्या बाया फार रडतात. नाव बदल. आणि त्याला जरा देखणा कर, बरं वाटेल त्याला."

ती कादंबरी मी त्या पावसाळ्यात लिहून काढली. बंगला नाही, धुकं नाही. पाडा, चुलीचा धूर, भावाचा ओटा, आणि मागणीला 'विचार करून सांगते' म्हणणारी नायिका. प्रकाशकाने वाचली आणि फोन केला.

"ताई, भाषा छान आहे. पण नायिका पन्नाशीची? नातवंडं असलेली? आपल्या वाचकाला हे पचणार नाही. असं करा, तिला बावीसची करा. नायक पुण्याहून बदली होऊन आलेला अधिकारी दाखवा. पाडा ठेवा, वातावरण म्हणून."

"तिला बावीसची केली तर गोष्टच उरत नाही," मी म्हटलं. "तिने इतकी वर्षं काढल्यावर मागणी घालायला लावली, हीच तर गोष्ट आहे."

"मग आपल्याला जमणार नाही. आणि हे असंच लिहायचं असेल तर पुढचंही अवघड आहे."

"अवघड असेल तर राहू द्या," मी म्हटलं आणि कादंबरी परत मागवली. फोन ठेवून मी स्वयंपाकाला लागले. भीती वाटत होती, पण पश्चात्ताप अजिबात वाटत नव्हता.

घरी दिवाळीला दीर आले होते. ते जेवताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "छापत नाहीत ते बरंच झालं. आता वहिनींना सांग, या वयात असलं लिहिणं शोभत नाही. नातेवाईक विचारतात."

माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो, बोलतो फार थोडं. माझं एकही पुस्तक त्याने वाचलेलं नाही. त्याने आमटी वाढून घेतली आणि म्हणाला, "ती मला विचारून लिहीत नाही. तुला विचारून कशी लिहील?"

मग दोनेक वर्षं ती कादंबरी तशीच पडून होती. पुढे मला मोबाइलवर गोष्टी वाचायच्या एका ॲपचा पत्ता लागला. तिथे मी ती भागाभागांनी टाकायला लागले, स्वतःच्या नावाने. पहिल्या भागाखाली एकाने लिहिलं, 'आजीबाईंचं प्रेम कोण वाचणार?' त्याच्याच खाली एका बाईंनी उत्तर दिलं, 'मी. पुढचा भाग कधी?' आणखी बायका आल्या. कुणी नाशिकहून, कुणी सुरतेला दिलेली मराठी मुलगी. सगळ्या एकच विचारायच्या, ती हो म्हणते का? मी सांगायचे, थांबा. वाट बघा. त्यालाही बघू दे.

त्यातूनच वसईच्या एका छोट्या प्रकाशकाने विचारलं आणि पुस्तक निघालं. डहाणूच्या एका महिला मंडळाने वाचनाला बोलावलं. मी मदतनीस बाईला कळवलं. ती म्हणाली, "येते. पण मी ती आहे हे सांगू नको. मला नुसतं ऐकायचंय." ती नवऱ्याला घेऊन आली आणि मागच्या रांगेत बसली.

अध्यक्षबाईंनी माझी ओळख करून दिली, "आमच्या ताई हलकंफुलकं लिहितात." मी ओट्याचा प्रसंग वाचला. वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या. "लग्नाआधी संसार, मुलंबाळं. हे आदर्श म्हणून मांडायचं का आपण? तरुण मुली काय शिकतील?"

पूर्वी अशा वेळी मी हसून वेळ मारून नेली असती. त्या दिवशी तसं केलं नाही.

"मी आदर्श मांडत नाही, प्रेम मांडते," मी म्हटलं. "मुलींनी शिकायचंच असेल तर एवढं शिकावं, की मागणी घातल्यावर विचार करायला वेळ मागता येतो. तो आपल्यापैकी कितीजणींनी मागितला होता? मी नव्हता मागितला. आणि दुसरं, हे हलकंफुलकं नाही. हे लिहायला मला फार कष्ट पडलेत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी घाईने चहा जाहीर केला. शिक्षिकाबाई माझ्याशी न बोलता निघून गेल्या आणि त्या मंडळाने मला पुन्हा कधी बोलावलं नाही. चार-पाच जणींनी मात्र पुस्तक घेतलं. त्यांतली एक ते पदराखाली धरून गेली.

बाहेर पायरीवर मदतनीस बाई आणि तिचा नवरा चहा पीत उभे होते. "आवडलं?" मी विचारलं.

"आवडलं. पण याने त्या दिवशी निळा शर्ट घातला होता. तू पांढरा लिहिलास."

"पुढच्या आवृत्तीत बदलते."

"नको नको," ती म्हणाली. "पांढराच राहू दे. पांढऱ्यात बरा दिसतो."

त्याने तिचा रिकामा कप हातातून घेतला आणि आत ठेवायला गेला.

हल्ली मी डहाणूजवळच्या वाढवणची गोष्ट लिहितेय. नायिका मासे विकते, विधवा आहे, पंचेचाळीसची. नायक तिथलाच, भाजीचा मळा करणारा. दोघं तिथे होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधातल्या मोर्चात शेजारी शेजारी चालतात, घोषणा देऊन घसा बसला की एकाच बाटलीतलं पाणी पितात. वसईच्या प्रकाशकाने सुरुवात वाचली आणि चाचरत विचारलं, "प्रेमकथेत मोर्चा कशाला, ताई? बागेत भेटले तर नाही का चालणार?"

मी त्यांना सांगितलं, "तिला बागेत जायला वेळ नाही. सध्या ती मोर्चातच भेटेल. त्याला भेटायचं असेल तर त्याने तिथे यायचं, आणि वाचकानेही."