चढाईच्या आदल्या दिवशी खणलेले खड्डे

"वीरांच्या टेबलावर रिझर्व्हेशन नसतं, बरं का," काका म्हणाले. टेबलावर मांडलेलं माझ्या पणजोबांचं पदक त्यांनी दोन बोटांनी उचललं आणि चपलांच्या रॅकवर ठेवलं.

शेजारच्या काकू हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, २००६. मराठी मंडळाने पूर्वजांच्या लढाईवर कार्यक्रम ठेवला होता. हे काका मंडळाचे अध्यक्ष. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीत होते, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. माझे पणजोबाही तिथेच होते. मजुरांच्या तुकडीत, फावडं घेऊन. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करते, म्हणून दोघेही ज्यात होते त्या तिथल्या एका चढाईवर बोलायला मला सांगितलं होतं.

"चांदीचं पदक लढणाऱ्यांना. हे कांस्याचं, हमालांचं," काकांनी समजावलं. ते खरंच होतं. "आणि तुझ्या भाषणातलं ते खड्ड्यांचं गाळ गं. मुलं बसलीत. शौर्य सांग. तुमच्याकडे वाचायची हौस फार, चांगलंच आहे ते."

तुमच्याकडे. आडनाव त्यांनी पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं.

बाबा जाऊन दोन महिने झाले होते. व्हिसाचे कागद अडकले होते, मला नागपूरला पोचता आलं नाही. भावाने ते पदक पाठवलं. खड्ड्यांची गोष्ट बाबांनी मला लहानपणीच सांगून ठेवली होती.

मी बोलायला उभी राहिले. पडद्यावर नकाशा होता. कोणती तोफ किती वाजता, कोणती तुकडी कुठल्या चरातून बाहेर पडणार, पाणी कुठे, बिस्किटं कुठे, सगळं आधी ठरलेलं. एवढं सांगून मी थांबले. काकांनी पहिल्या रांगेतून मान हलवली. पुढचं नको.

तरी मी म्हणाले, "प्रेतं कुठे पुरायची, तेही आधीच ठरलं होतं."

चढाईच्या आदल्या दिवशी पणजोबा खड्डे खणत होते. शेजारून पलटण चरांकडे निघाली होती. एका मराठी शिपायाने विचारलं, "काय खणताय रं?"

पणजोबा म्हणाले, "पाणी जायला."

नदी चढली होती, चिखल सगळीकडे होता. शिपायाला पटलं. तो पुढे गेला.

"पुरे आता. बस खाली," काका उठून म्हणाले.

"काका, माझं अजून झालेलं नाही."

एक मुलगी आईला विचारत होती, "व्हॉट हॅपन्ड टु हिम?" आईने तिला गप्प केलं. उत्तर मी दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रेतं उचलताना पणजोबांनी त्या शिपायाला ओळखलं. छावणीत तो त्यांच्या हातचं पाणी घेत नसे. त्यांनी त्याला खांद्यावरून आणलं आणि स्वतः खणलेल्या खड्ड्यात उतरवलं. असे कितीतरी. आपण खोटं बोललो, हे मात्र ते मरेपर्यंत सांगत राहिले. ज्यांनी आराखडा केला, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. काकांनी माइक काढून घेतला. त्यानंतर मंडळाने मला बोलावलं नाही.

आता मी त्या चढाईवर पुस्तक लिहिते आहे. खणणाऱ्यांची, वाहणाऱ्यांची नावं शोधते. बऱ्याच जणांचं नुसतं गाव सापडतं. तेही लिहून ठेवते. बाबा हे वाचणार नाहीत, ते मला माहीत आहे. ज्याला हे ऐकवत नाही, त्याने उठून जावं. मी थांबणार नाही.