रक्तदात्यांना फोन लावणाऱ्या ताई

ताईंनी फोन हातात घेतला की मी घड्याळाकडे बघायचो. कॉम्प्युटरवरचं काम फोनवर तपासणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

जालन्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही जिल्ह्यातल्या रक्तदात्यांचा शोध चालवायचो. तालुका आणि रक्तगट टाकला की नाव आणि मोबाइल नंबर यायचा. तालुकावार यादी वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर ठेवलेली. अशा एकेका तुकड्याला आम्ही शार्ड म्हणतो. प्रोग्राम मी लिहायचो, तपासायच्या ताई. आधी बरीच वर्षं रक्त तपासायच्या लॅबमध्ये काढलेली, त्यामुळे कुणाच्याही शब्दावर विश्वास म्हणून नाही.

बाकीचे लोक स्क्रीन बघून 'ठीक आहे' म्हणतात. ताई यादीतल्या माणसाला सरळ फोन लावायच्या. "भाऊ, तुमचं रक्त कोणतं हो? अन् सध्या मंठ्यातच राहता नं?" मग त्या भाऊंचं सोयाबीन, त्यांच्या मुलीची परीक्षा. अर्धा तास गेला!

"अहो ताई, आज काम द्यायचंय!"

"द्या की. पण चुकीचं जल्दी देऊन काय फायदा?"

मी दात-ओठ खात बसायचो.

शोध फार हळू चालतो म्हणून मी एक फिल्टर बनवला. 'ओ निगेटिव्ह' दाते यादीत कोणकोणत्या क्रमांकावर आहेत, बारा, सत्तेचाळीस, नव्वद, हे तो एकदाच बघून लक्षात ठेवायचा. शोध झटकन येऊ लागला. मी खूश. ताईंनी जाफराबाद तालुक्यातल्या तिघांना फोन लावले.

"हे दादा बी पॉझिटिव्ह म्हणून राह्यले."

"लोकांना आपला गट माहीत नसतो, ताई."

"तिघांनाबी न्हाई? मंठ्याचं बिलकुल बराबर येतंय, जाफराबादेचंच कामून न्हाई?"

मी नोंद उघडून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. ताई होकार देईनात. तेवढ्यात त्या भाचीच्या लग्नाला दोन दिवस हसनाबादला गेल्या. मी साहेबांना ठोकून दिलं, "ताईंनी बघितलंय," आणि फिल्टर चालू करून टाकला. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी तक्रार आली. जाफराबादेत एक बाई बाळंतपणात अडली होती, ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. नवऱ्यानं आमच्या यादीतल्या चौघांना बोलावलं. चौघे धावत आले, एकाचंही जुळलं नाही. शेवटी जालन्याहून रक्त गेलं. बाई वाचली, बाळही वाचलं. पण दोन तास ती माझ्यामुळे मरणाच्या दारात पडून होती.

ताई परतल्या, खुर्ची ओढून बसल्या. "मंठ्यातलं बारा नंबरचं घर अन् जाफराबादेतलं बारा नंबरचं घर एकच असतं का हो?"

मी कपाळावर हात मारला. प्रत्येक शार्ड आपली मोजणी एकपासून करतो. मी क्रमांक मंठ्याचे घेतले आणि सगळ्या तालुक्यांना वाटले! एवढी साधी गोष्ट, आणि तीही ताईंनीच सांगायची! त्याच दिवशी प्रत्येक शार्डाला त्याचा स्वतःचा फिल्टर दिला. ताईंनी सगळ्या तालुक्यांत पुन्हा फोन लावले. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

पुढे ताईंना नाशिकला नोकरी लागली. निघायच्या दिवशी मी माफी मागितली.

"मला कामून म्हणता? जाफराबादेला जा की."

काय म्हणावं या बाईला! नोकरी सोडून चालल्या तरी मला काम लावून गेल्या. रविवारी चडफडत एसटीत बसलो.

त्या बाईच्या नवऱ्यानं खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, साहेबांशी बोललेल्या खोट्यासकट. बाळ खांद्यावर घेऊन ती बाई दारात उभी होती. तिनं विचारलं,

"आता बराबर झालं का?"

"झालं."

"कोणी बघितलं? तुम्हीच?"

"न्हाई. आमच्या ताईंनी. एकेकाला फोन लावून."

"त्या होय? माझी तब्येत विचारायला फोन आल्ता त्यांचा." तिनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मंग ठीक," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.