आकस कशावरून?

सुभाषदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात विजेचं बिल भरायच्या रांगेत उभा होतो. "टेबलावर डोकं टेकलं व्हतं, आमाला वाटलं डुलकी लागली," त्याच्या शेजारी बसणारा टंकलेखक सांगत होता आणि मी वेड्यासारखा विचारत होतो, कोण सुभाष? माझा आतेभाऊ. वय साठीच्या आत, साखर नाही, रक्तदाब नाही. त्याच आठवड्यात आम्ही एकत्र चहा घेतला होता... इतके दिवस झाले, पण हा हिशेब मला अजून जुळवता येत नाही.

दादाचं गाव आष्ट्याजवळ. शेती होतीच, पण जन्म गेला तो सांगलीत कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करण्यात. बहुतेक तक्रारी भावाभावांच्या, आणि त्यांत एक शब्द हटकून असायचाच. 'विरुद्ध पक्षाने निव्वळ आकसापोटी...' दादाची बोटं तिथं थांबायची. "आकस कशावरून?" तो विचारायचा. एकदा माझ्यादेखत एक शेतकरी वैतागला. "आवं, समदेच लिवत्यात, तुमी बी लिवा की!" दादा म्हणाला, "तुमचं नुकसान करून त्याला काय घावणार हाय?" "बांधाची दोन हात जमीन." "मग ती हाव झाली. आकस न्हवं." मी हसलो, पण त्याची व्याख्या पक्की होती. आपल्या पदरात काही पडणार नसताना दुसऱ्याचं जावं असं वाटणं, तो आकस. राग वेगळा, हाव वेगळी.

मधल्या काळात त्याचं धाकट्या भावाशी, दिलीपशी, बिनसलं. दिलीपचं शेत मागं, वाट दादाच्या उसातून. ट्रॅक्टर नेताना उसाच्या दोन सऱ्या चिरडल्या, शब्दाला शब्द लागला आणि दादानं बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद केली. दिलीपनं तक्रार दिली. तिच्यात तोच शब्द होता. तो कागद दादानं माझ्यासमोर वाचला, चष्मा काढला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पुढं महिनाभरानं एके दिवशी त्यानं आपणहून फांद्या उचलल्या. गावानं म्हटलं, थोरला केसला भ्याला.

शेवटच्या भेटीत, चहा पिता पिता, दादा एकदम म्हणाला, "दिलीपनं बरोबर लिवलं व्हतं गड्या." मला कळेना. "बांधावर उभा व्हतो. त्याचा ऊस लय झ्याक आला व्हता. वाटलं, पेटावा. समदा. मला काय मिळणार व्हतं रं?" मी कप खाली ठेवला. मुंगी दिसली तरी पाय जपून टाकणारा हा माणूस. "मग दुसऱ्या दिवशी फांद्या काढल्या," तो म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला. मला वाटलं, पुढच्या खेपेला नीट बोलू...

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर दिलीप माझ्याजवळ येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "आण्णा, दादाच्या मनात माझ्याविषयी आकस व्हता का वो? तुमाला ठावं असंल. खोटं सांगू नका." दादाच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारातच थांबल्या. 'नव्हता' एवढं म्हणून उठता आलं असतं. पण तो शब्द दादानं कधी कुणाला फुकट वापरू दिला नाही, आणि स्वतःलाही त्यातून वगळलं नाही. मी म्हणालो, "होता." मग उसाचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या फांद्यांचंही.

"म्हंजे... केसला भिऊन न्हवं?"

"केसचं त्यानं नावसुद्धा काढलं नाही."

"आन मी गावभर सांगत सुटलो..." दिलीपनं तोंड गुडघ्यांत घातलं. वहिनी आत गेल्या, पाणी आणलं, त्याच्यापुढं ठेवलं.

परवा गावी गेलो होतो. दादानं मोकळी केलेली वाट उसातून सरळ जाते. तिच्यावर आता गवत आलंय. दिलीपचा ट्रॅक्टर ओढ्याकडून, लांबून वळसा घेऊन जातो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यास्नी सांगा, वाट त्यांच्यासाठीच काढलीया. जा म्हणावं." मी जाऊन सांगितलं. दिलीपनं इंजिन बंद केलं, त्या वाटेकडं पाहिलं.

"जाईन की आण्णा," तो म्हणाला. "पर अजून न्हाई जमत."