बायजाबाई हसली म्हणून

श्यामसुंदर हडकर तुर्भ्याला एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होते. राहायला कोपरखैरण्यात. पहाटे उठून ड्युटीला निघेपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत बसायचे. अशी सहा वर्षं गेली आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांची पहिली कादंबरी आली. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका कोळणीची गोष्ट.

कौतुक झालं. बेलापूरच्या एका वाचनालयाने भाषणाला बोलावलं. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून कॉलेजातली एक मुलगी उठली. ईश्वरी तिचं नाव, दिवाळ्याचीच.

"सर, तुमचं पुस्तक मी आजीला वाचून दाखवलं. ती खूप हसली."

"हसली? गोष्ट तर दुःखाची आहे."

"तुमची नायिका भर ओहोटीला होडी काढते ना, तिथे. तेव्हा आमच्याकडे नुसता चिखल असतो."

सगळेच हसले. श्यामसुंदरांचे कान तापले. मासळी आणायला पाच-सात वेळा दिवाळ्याला गेलो, तेवढ्यावरच आपण लिहिलं, हे त्यांना मनातून ठाऊक होतं. घरी येऊन ते बायकोला, नंदिनीला म्हणाले, "पुरे झालं आता हे लिखाण."

"आधी त्या आजीला भेटून तर या," ती म्हणाली.

रविवारी ते गेले. ईश्वरीची आजी, बायजाबाई, दारापुढे मासळी वाळत घालत होती.

"तूच काय तो?" तिने वर न बघताच विचारलं. "तुज्या पुस्तकानली बाय सारकी रडते रं. मंग मावरा इकाला कवा जाते?"

तिने एक काठी त्यांच्या हातात दिली. "बस हतं. कावले हाकल."

पुढची तीन वर्षं बहुतेक रविवार तिथेच गेले. त्यांनी दुसरी कादंबरी लिहायला घेतली. एक प्रकरण झालं की बायजाबाईला वाचून दाखवायचं. कंटाळली की ती सरळ उठून जायची. मग ते प्रकरण पुन्हा लिहायचं.

एका प्रकरणात नायिकेचा नवरा खाडीत बुडतो. तिच्या आक्रोशाची अकरा पानं होती. बायजाबाईने ती शेवटपर्यंत ऐकली.

"माजा धनी गेला त्या दिशी मी रडले नाय," ती म्हणाली. "होरी खाडीनच व्हती. ती कोन आनील, ह्याचंच टेन्शन. रडले ती बारा दिसांनी. कोलबी सोलताना, एकदम."

श्यामसुंदरांनी हातातली अकरा पानं मिटून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "मावशी, हे लिहू का?"

"लिव. पन माजं नाव नको टाकू."

त्या आठवड्यात अकरा पानांची दोन झाली.

पुस्तक आल्यावर एका समीक्षकाने लिहिलं, पहिल्या कादंबरीसारखं डोळ्यांत पाणी येत नाही. श्यामसुंदरांनी ते नंदिनीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि चहा मागितला. दिवाळ्याला देवळासमोर त्यांनी त्यातलं एक प्रकरण वाचलं, तेव्हा बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. कादंबरीतली खाष्ट सासू कोणाची, यावरून दोघींची तर चांगलीच जुंपली. बायजाबाई पहिल्या रांगेत होती. एकदाही उठली नाही.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आता कारखान्यावर लिहीत आहेत. प्रयोगशाळेतला जुना सोबती धनेश संध्याकाळी येतो, ऐकतो आणि रंगाच्या वासापासून सुपरवायझरच्या शिवीपर्यंत सगळ्यावर वाद घालतो. तिसरं प्रकरण महिनाभर त्या वादातच अडकलं आहे. श्यामसुंदरांना त्याची काही घाई नाही.