आडव्या बाटलीवाल्या बाईचं लिव्हर

आमच्या गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीवर शिक्का मारा म्हणून माझी आई दारोदार फिरली होती. त्यामुळं डॉक्टरांनी तिच्याच लिव्हरवर शंका घेतली तेव्हा ती भडकली. "मला काय बेवडी समजून राहिलेत?" शुगरमुळंही लिव्हर बिघडतं, हे पटवता पटवता माझा घसा बसला.

नांदेडच्या दवाखान्यात रक्तावर उजेड टाकून लिव्हर तपासायचं नवं यंत्र आलं होतं. रांगेत आमच्या पुढं गावातलाच एक माणूस निघाला. पिऊन आला म्हणून आईनं भर पारावर झापलेला, तोच. आईनं पदर तोंडावर ओढला.

तिचा नंबर आला. रक्ताच्या थेंबावर उजेड पडला, स्क्रीनवर एक रेघ वरखाली होत गेली. आईनं यंत्रावरच्या मुलीला विचारलं, "मी पीत न्हाई, ते दिसतं का ह्यात?"

"नाही मावशी. लिव्हर किती बिघडलंय, तेवढंच दिसतं."

आईचा चेहरा उतरला.

परतीच्या जीपमध्ये तो माणूस समोरच बसला होता. गावातल्या एका बाईनं विचारलं, "काकू, दवाखान्यात कशाला गेल्तात?" आईनं पदर पुन्हा तोंडावर ओढला. तोच म्हणाला, "माझ्यासाठी आल्त्या. माझं लिव्हर दाखवायचं होतं."

आईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. "खोटं बोलून राहिला ह्यो," ती सगळ्या जीपला ऐकू जाईल अशी म्हणाली. "आम्ही दोघंबी लिव्हर दाखवून आलोत."