मामाजींना सांगितलेला आकडा

मामाजींच्या रक्ताचा तो रिपोर्ट मी आणलाच नव्हता. प्रयोगशाळेत गेलोच नव्हतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मामाजींना जाऊन आता दोन वर्षं होतील.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. बालाघाटच्या एका राइस मिलमध्ये त्यांनी उभं आयुष्य धान पारखण्यात घालवलं. ट्रॅक्टर दारात लागला की पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातले चार दाणे काढायचे आणि एक दाढेखाली धरायचे. कट् आवाज आला तर धान वाळलेलं, दाणा नुसता दबला तर ओलं. शेतकरी शपथा घ्यायचा, मालक घाई करायचा, पण चावून झाल्याशिवाय मामाजी तोंड उघडायचे नाहीत. ओल मोजायचं यंत्र आलं, तर यंत्रातला दाणाही काढून चावायचे. "तोंडाच्या गोष्टीवर मी धान नाही घेत," म्हणायचे, "मंग तो सगा भाऊ असो."

हा नेम एकाच माणसापुढे मोडायचा, तो मी. आमच्याकडे भाचा पुजायचा असतो. मामा वयानं कितीही मोठा असो, भाच्याच्या पाया पडतो. मी चड्डीत होतो तेव्हापासून मामाजी वाकून माझे पाय धरायचे, मला 'भाचेबाबू' म्हणायचे, 'तुमी' म्हणायचे. मी पळायचो. मामी हसायची, "पोट्ट्याले गुदगुल्या होऊन राह्यल्या, आन् हे आशीर्वाद मांगून राह्यले." एकदा वडिलांचं धान मिलवर आलं. मामाजींनी मला विचारलं, वाळलं का? मी हौ म्हणालो आणि त्यांनी दाणा न चावता पोती आत घेतली. मालक पाहतच राहिला. मामाजी एवढंच म्हणाले, "भाच्यानं सांगतलं न."

मूलबाळ त्यांना नव्हतं. मामी गेली, मग त्यांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले आणि डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी लावली. एकदा अंगणात पडले, तेव्हा मी त्यांना गावातल्याच वृद्धांच्या एका सेवाघरात ठेवलं. माझ्या घरी जागा होती, हेही लिहूनच टाकतो. तिथे लामता गावची कविता नावाची सिस्टर होती. मामाजी तिला रोज ऐकवायचे, इथला तांदूळ नवा आहे, पोटाले जड जाते. ती म्हणायची, "दादाजी, गोळी गिळा, चावू नोका. धान नाही ते."

ती गोळी मोठी नाजूक. कमी पडली तर रक्ताची गाठ होते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. म्हणून दर महिन्याला रक्त तपासून ते किती पातळ झालं त्याचा आकडा पाहायचा आणि डॉक्टरांना विचारून गोळी किती ते ठरवायचं. सिस्टर रक्त काढून द्यायची. शीशी प्रयोगशाळेत पोचवणं आणि आकडा आणणं माझ्याकडे होतं.

त्या महिन्यात मामाजींच्या छातीत कफ झाला होता आणि त्यावर अँटिबायोटिक सुरू होतं. कविता म्हणाली, भाऊ, या औषधानं रक्त आणखी पातळ होऊ शकते, शीशी आजच्या आज पोचवा. मी ती गाडीच्या डिक्कीत ठेवली, कोर्टात गेलो, मी तिथे बाबू आहे, आणि विसरलो. आठवलं तेव्हा शीशीचे दोन दिवस उन्हात गेले होते. पुन्हा रक्त काढा म्हणायची लाज वाटली. त्यांची शीर सापडत नसे, हात टोचून टोचून सुजायचे. मागच्या वेळचा आकडा अडीच होता, हवा तेवढाच. मी जाऊन सांगितलं, अडीचच आला, गोळी तेवढीच ठेवा. कवितानं कागद मागितला. उद्या आणतो म्हटलं. ती घुटमळली. पलंगावरून मामाजी म्हणाले, "दे वो बाई गोळी. भाच्यानं सांगतलं न."

पुढच्या आठवड्यात मी एकदाच गेलो. दंडावर तळहाताएवढा निळा डाग होता, हिरड्यांना रक्त होतं. "दातून जोरानं घासलो असन," ते म्हणाले आणि वाकून माझे पाय शोधायला लागले. कवितानं दारात पुन्हा कागदाचं विचारलं. मी पुन्हा उद्या म्हटलं. तेव्हा बोललो असतो तर कदाचित वेळ होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते डोकं धरून ओकले, मग वाचा गेली. गोंदियाला नेलं. डोक्यात रक्त साचलं होतं. तिथे काढलेला आकडा अडीचच्या तिपटीहून वर होता. याआधी कधी पाहिला होता, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, सेवाघरवाल्यांना माहीत. मामाजी दोन दिवस होते. त्यांचा उजवा हात चादरीवर सरकत राहायचा. नर्स म्हणाली, काही तरी शोधतात. काय शोधतात ते मला ठाऊक होतं. मी पलंगापासून लांब उभा राहिलो.

तेरवीनंतर सेवाघरात विचारणा झाली. कवितानं वहीत लिहून ठेवलं होतं, नातेवाइकांनी तोंडी सांगितले, आकडा अडीच, कागद आला नाही. व्यवस्थापक म्हणाले, कागदाशिवाय गोळी दिलीच कशी? तिनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी आणलता न रिपोर्ट?" आणला होता, मी म्हटलं, आता सापडत नाही. तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. फाटकाशी ती मलाच म्हणाली, "माफ करा भाऊ. मी आणखी एकदा मांगायले पाह्यजे होता कागद."

ती आता लामत्यात घरीच असते. माणूस दगावला म्हणून काढलेल्या सिस्टरला दुसरीकडे कुणी ठेवत नाही, असं ऐकतो. चूक तिची नव्हती. रिपोर्ट कधी नव्हताच, हे मला व्यवस्थापकांसमोर लिहून द्यायचं आहे आणि तिच्या घरी जाऊन तिच्या तोंडावर सांगायचं आहे. अजून यातलं काहीच मी केलेलं नाही.